सुटलेला चिमटा

कल्पना कर, की एका घरात तीस माणसं राहतात आणि प्रत्येकाला फक्त एकच गोष्ट ठाऊक आहे. खिडकीची काच किती वर गेली की थांबायचं, हे एकाला. स्टेअरिंगचं चाक कुठे आलं म्हणजे गाडी सरळ चालली, हे दुसऱ्याला. तिसरा नुसतं घड्याळ सांभाळतो, चौथा मालकिणीची सीट किती पुढे घ्यायची ते लक्षात ठेवतो. वहीत कुणी काही टिपून ठेवत नाही, सगळा कारभार तोंडपाठ. आता असं समज, की त्या घरात एक दिवा आहे आणि तो तेवतोय तोवरच त्यांची आठवण शाबूत आहे. दिवा क्षणभर विझला, तर बरेच जण जरा गोंधळून पुन्हा सावरतात. पण एखादा असा बावचळतो, की हाक मारली तरी ओ देत नाही.

हल्लीची मोटारगाडी म्हणजे असंच घर. माणसं म्हणजे तिच्यातले छोटे छोटे कॉम्प्युटर आणि दिवा म्हणजे बॅटरी. बॅटरी चार-पाच वर्षांत थकते, ती बदलावीच लागते. मग आठवण न पुसता दिवा कसा बदलायचा? पुढे वाचण्याआधी जरा स्वतः विचार कर. घाई नाही.

बरोबर. आधी दुसरा दिवा लावायचा, मग पहिला काढायचा.

खारूच्या मावशीच्या गॅरेजमध्ये हा दुसरा दिवा म्हणजे एक छोटी बॅटरी होती, दप्तरात मावेल एवढी. तिला दोन लांब वायरी आणि वायरींच्या टोकांना दोन चिमटे, एक लाल आणि एक काळा. खारू दहा वर्षांची. तिचं खरं नाव शाळेच्या पटावर होतं. पण जिथे तिथे चढून डोकावायची सवय असल्यामुळे मावशी तिला खारू म्हणायची आणि आता सगळेच म्हणायचे. सुट्टीत ती मावशीकडे राहायला आली होती.

गॅरेजमध्ये मावशीखेरीज एकच माणूस काम करायचा. त्याला सगळे मापकाका म्हणत. लांबून नट बघून ते सांगायचे, हा दहाचा, तो तेराचा, आणि त्याच मापाचा पाना लागायचा. मावशी स्वतः हे काम त्यांच्याच हाताखाली शिकली होती. आता गॅरेज तिचं होतं आणि ते तिला सगळ्यांसमोर ताई म्हणत. एकटे असले की मात्र म्हणत, "पोरी, वायर सोलतेस की काकडी?"

गॅरेजला एक रिवाज होता. काम करताना कुणाच्या हातून काही सुटलं, पडलं, कुठे नको तिथे लागलं, की त्याने तिथल्या तिथे हात वर करायचा. मावशी एवढंच विचारणार, "काय सुटलं?" कसं सुटलं, का सुटलं, लक्ष कुठे होतं, यातलं काही नाही. रागावणं नाही आणि एकदा हात वर झाला की दुसऱ्यांदा चौकशी नाही. यामागे कारण होतं. पूर्वी एका कामगाराने एक जळलेला फ्यूज लपवला होता आणि तीन शब्दांत कळली असती ती गोष्ट शोधायला दोघांचा अख्खा दिवस गेला होता. चूक शोधत बसण्यापेक्षा चूक करणाऱ्यानेच सांगितलेलं बरं, असं मावशी म्हणायची. हा रिवाज तिने खारूला पहिल्याच दिवशी सांगितला होता आणि खारूने मोठ्या माणसासारखी मान डोलावली होती.

त्या सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई आपली पांढरी गाडी घेऊन आल्या. चार दिवसांपासून गाडी सुरू व्हायला कुरकुर करत होती. मावशीने तपासलं आणि बॅटरी संपली असं सांगितलं. डॉक्टरीणबाईंना दुपारी दवाखान्यात पोचायचं होतं. त्या बाहेरच्या बाकावर कुणाशी तरी दाढेबद्दल फोनवर बोलत बसल्या. मावशीने हे काम मापकाकांना दिलं आणि खारूला टॉर्च धरायला सांगितलं. "टॉर्च धर आणि कशालाही हात लावू नकोस," असं ती दोनदा म्हणाली.

मापकाकांना शिकवायची हौस होती. हात चालत असताना ते खारूला एकेक गोष्ट उलगडून सांगत होते. आधी गाडीची किल्ली लांब नेऊन पत्र्याच्या डब्यात ठेवायची, कारण किल्ली जवळ असली की गाडीला वाटतं मालक आला आणि ती झोपेतून उठते. मग पंधरा मिनिटं नुसतं थांबायचं, सगळे कॉम्प्युटर झोपेपर्यंत. या पंधरा मिनिटांत बोललं तरी चालतं, गाडीला ऐकू येत नाही, हेही त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं. मग छोट्या बॅटरीचा लाल चिमटा गाडीच्या जाडजूड लाल वायरीच्या टोकाला लावला आणि काळा गाडीच्या अंगावरच्या एका उघड्या बोल्टला. आता दुसरा दिवा लागला. मग जुन्या बॅटरीवरून गाडीची काळी वायर आधी सोडवली, लाल नंतर. लाल वायरीचं टोक त्यांनी रबराच्या तुकड्यात गुंडाळलं, कारण त्यात छोट्या बॅटरीचा जीव होता.

"आता आठवण या दोन चिमट्यांवर आहे," ते म्हणाले. "ही बॅटरी बाहेर, ती आत. बस."

जुनी बॅटरी पोटाशी धरून त्यांनी उचलली आणि ढकलगाडीवर ठेवायला वळले. खारूला बॅटरी निघाल्यावर खाली काय दिसतं ते बघायचं होतं. ती टाचा उंचावून वाकली. डावं कोपर तिने गाडीच्या कडेवर टेकवलं आणि आणखी पुढे सरकली. तिच्या बाहीत काळ्या चिमट्याचं टोक अडकलं.

टक असा आवाज झाला. चिमटा बोल्टवरून सुटून लोंबायला लागला.

खारूने तो पटकन उचलून परत बोल्टला लावला. एक बारीकशी ठिणगी उडाली. मापकाका वळले तेव्हा तिच्या हातात टॉर्च होती आणि टॉर्चचा उजेड अगदी जागेवर होता.

दोनच सेकंद गेले असतील. तुला वाटेल, तिने तेव्हाच हात वर करायला हवा होता. तिलाही तेच वाटलं. पण कशालाही हात लावू नकोस असं दोनदा सांगितलेलं होतं, आणि तिने तर कोपर टेकवलं, चिमटा पाडला आणि वर त्याला हातही लावला. दोन सेकंदांत काय होणार आहे, असं ती मनात म्हणाली. कान मात्र गरम झाले होते.

नवी बॅटरी बसली. लाल वायर आधी, काळी नंतर. चिमटे निघाले. मापकाकांनी डब्यातून किल्ली आणली, मावशी गाडीतल्या कॉम्प्युटरांशी बोलायचं यंत्र, स्कॅनर, घेऊन आली. नवी बॅटरी बसवल्यावर गाडीला तसं सांगावं लागतं. नाहीतर नव्या जोमाच्या पोराला आजारी म्हाताऱ्याचं पथ्य द्यावं, तशी गाडी तिला जुन्याच हिशेबाने वागवते. मावशीने गाडी चालू केली आणि समोरच्या पट्टीवर दिवेच दिवे लागले. घड्याळ बारावर जाऊन बसलं होतं. काच अर्ध्यावर थांबत होती. स्टेअरिंगचा पिवळा दिवा विझत नव्हता.

मावशीने चाक एकदा डावीकडे पुरतं फिरवलं, एकदा उजवीकडे, तेव्हा तो दिवा गेला. काचेचं बटण वर दाबून धरलं, तेव्हा काचेलाही आठवलं. घड्याळ लावलं. पण ब्रेक सांभाळणारा कॉम्प्युटर काही केल्या उत्तर देईना. स्कॅनरने त्याला चारदा हाक मारली. चारही वेळा पडद्यावर तेच आलं, की अशा नावाचं या गाडीत कुणी नाही.

मावशीने मान वर केली. तिने विचारायच्या आतच मापकाकांचा हात वर गेला होता.

"काय सुटलं?"

"काळा चिमटा सुटला असणार," ते म्हणाले. "बॅटरी उचलताना धक्का लागला असेल. मला कळलं नाही, ताई."

असणार आणि असेल. खारूने हे दोन्ही शब्द ऐकले. मापकाका खोटं बोलत नव्हते, कुणाला पाठीशीही घालत नव्हते. शेजारी टॉर्च धरून उभ्या असलेल्या पोरीचा त्यांना संशयसुद्धा आला नव्हता. त्यांनी मनाशी विचार केला होता, की गाडीजवळ हात फक्त आपले होते, तेव्हा चूकही आपलीच. आणि हात वर झाल्यावर रिवाजाप्रमाणे कुणी पुढे काही विचारलं नाही. जो रिवाज चूक उघडी पाडायला केला होता, त्यानेच त्या दिवशी चुकीवर झाकण घातलं.

गाडी मोठ्या ट्रकवर चढवून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पाठवावी लागली. त्या कॉम्प्युटरमध्ये पुन्हा सगळं भरायला तीन दिवस लागणार होते. मावशीने डॉक्टरीणबाईंची माफी मागितली. खारू दाराशीच होती, त्यामुळे तिला ते ऐकू आलं. आमच्या काकांचं वय झालंय, हात पूर्वीसारखा राहिला नाही, यापुढे नव्या गाड्या मीच बघेन, असं मावशी हळू आवाजात सांगत होती. मापकाका आत हात धूत होते. पण नळ बंद झाला होता, म्हणजे त्यांनीही ते ऐकलं होतं.

त्यानंतरचे दिवस खारूला कसे गेले, ते सांगायला जरा जड जातं. मनात एखादी गोष्ट दडवली, की ती एका जागी बसत नाही. आंघोळीला बसली की साबण लावताना कोपर दिसायचं. मावशी जेवायला वाढताना विचारायची, आज तोंडाला कुलूप का, आणि ती म्हणायची पोट दुखतंय. मग मावशी तिला कोमट पाणी द्यायची आणि डोक्यावरून हात फिरवायची. ते सर्वांत वाईट होतं. लबाडाच्या डोक्यावरून कुणी असा हात फिरवतं का?

तिने स्वतःला बऱ्याच सबबी सांगून पाहिल्या. दोनच सेकंद. मग, काकांनी हात वर केला, प्रकरण संपलं. मग, दुसऱ्यांदा चौकशी करायची नाही असा रिवाजच आहे, आता सांगणं म्हणजे रिवाज मोडणं. ही शेवटची सबब तिला दोन तास पुरली. नियमाच्या आड लपायची मोठी सोय असते, मोठी माणसंसुद्धा ती करून घेतात. पण लपणाऱ्याला आपण कुठे लपलोय ते ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी मापकाकांनी आपण होऊन सांगितलं, की ते आता स्क्रू निवडायचं, वायपर आणि बल्ब बदलायचं काम करतील. मावशीने हो म्हणायला जरा जास्तच वेळ घेतला, पण नाही म्हणाली नाही. ते बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसले आणि स्क्रू निवडायला लागले. न बघता मापं सांगणारा माणूस आता एकेक स्क्रू उजेडाकडे धरून बघत होता.

दुपारी त्यांनी खारूला जवळ बोलावलं. उजवा हात तळवा खाली करून तिच्यासमोर धरला.

"तुझे डोळे तरणे आहेत. बघ गं, हलतोय का?"

खारूने पाहिलं. करंगळीवर जुन्या भाजल्याचा डाग होता, नखांच्या कडा काळ्या होत्या. हात जराही हलत नव्हता, टेबलावर ठेवल्यासारखा स्थिर होता.

"नाही," ती म्हणाली.

"तुला दिसत नसेल," काका म्हणाले. "एवढ्यात दिसत नाही ते."

तेव्हाही ती बोलू शकली असती. ती पाणी प्यायला आत गेली. चिमटा पडला ती चूक होती, अशा चुका कुणाकडूनही होतात. पण त्या दुपारी एक माणूस आपल्या धडधाकट हाताकडे परक्यासारखा बघत होता आणि त्याला खरं सांगू शकणारी एकच व्यक्ती आत जाऊन पाणी पीत होती. याला आता चूक म्हणता येत नव्हतं, आणि खारूला ते कळत होतं. म्हणून तर पाणी पिऊन झाल्यावरही ती माठामागे उभी राहिली.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंची गाडी दुरुस्त होऊन गेल्याचा निरोप आला. मापकाका बाकावरून उठले, आपल्या पेटीपाशी गेले आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. दहाचा पाना होता. मुठीवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आणि ती वापरून वापरून बोटांच्या आकाराची झालेली.

"बॅटरीच्या टोकांना हाच लागतो," ते म्हणाले. "त्या दिवशी बघितलं मी. टॉर्च एवढीसुद्धा हलली नाही तुझी. माझ्यापेक्षा तुझा हात बरा. ठेव."

खारूने हात मागे घेतले. पाना तसाच त्यांच्या तळव्यावर राहिला.

"मी पाडला चिमटा," ती म्हणाली.

काकांना वाटलं पोरगी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलतेय. ते हसलेसुद्धा. मग तिने सगळं सांगितलं, टाचा उंचावल्या ते, कोपर, बाही, टक आवाज. सांगताना ती त्यांच्या चपलांकडे बघत होती.

"किती वेळ सुटला होता?" काकांनी विचारलं.

"दोन सेकंद."

"लावताना ठिणगी उडाली?"

"बारीक."

काका बाकावर बसले. पाना त्यांनी शेजारी ठेवला, मग उचलला, मग पुन्हा ठेवला. खारूला वाटत होतं ते ओरडतील, आणि ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"चार दिवस मी शर्टाची बटणं लावताना बोटांकडे बघतोय," ते शेवटी म्हणाले. "परवा स्कूटरची किल्ली सुनेकडे देऊन टाकली. म्हटलं, चिमटा सुटलेला कळत नाही, तर रस्त्यात कुणाला धक्का लागलेला तरी कळेल का? ती रडली. मी तिची समजूत घालत बसलो."

खारू रडायला लागली. काकांनी तिला जवळ घेतलं नाही.

"मला राग आलाय," ते म्हणाले. "येऊ दे थोडा वेळ. तू जा, ताईला सांग."

मावशी गाडीखाली आडवी होती. खारूने तिच्या पायांशी उकिडवं बसून सांगितलं. गाडीखालचा पाना थांबला. मावशी सरकत बाहेर आली, पण उठली नाही, तशीच पाठीवर पडून छताकडे बघत राहिली. खारूने विचारलं, तू रागावली नाहीस का. मावशी म्हणाली, रागावलेय, पण आधी स्वतःवर. ज्या हातांनी तिला हे काम शिकवलं, ते हात थकले हे तिला त्या सकाळी एका क्षणात पटलं होतं. तिने शंकासुद्धा घेतली नव्हती. वर बाहेरच्या माणसाजवळ तसं बोलूनही मोकळी झाली होती. डॉक्टरीणबाईंना आता ती स्वतःच फोन करणार होती, कारण ते शब्द तिचे होते.

"आणि मी?" खारूने विचारलं.

"तुझं काय ते तू बघ," मावशी म्हणाली. "माझी लाज मला पुरे आहे."

ती उठली, हात पुसले आणि बाहेर जाऊन मापकाकांच्या शेजारी बसली. दोघं काय बोलली ते खारूला ऐकू आलं नाही. मावशीची मान खाली होती एवढं तिला दिसलं.

खारूने तोंड धुतलं. कोपरही धुतलं. मग ती मागच्या दाराने निघाली. मापकाकांचं घर तिसऱ्या गल्लीत, निळ्या फाटकाचं. मावशीबरोबर ती दोनदा तिथे गेली होती, एकटी कधी नाही. काकांच्या सूनबाईंना ती नीट ओळखतही नव्हती. वाटेत दोन वेळा तिला वाटलं, की उद्या गेलं तरी चालेल, आणि दोन्ही वेळा ती जोरात चालायला लागली.

फाटक उघडंच होतं. स्कूटर कपड्याने झाकून भिंतीला लावलेली होती. खारूने बेल वाजवली. सूनबाईंनी दार उघडलं, कडेवर बाळ होतं. त्यांनी विचारलं, काय गं, बाबांनी पाठवलं का?

"नाही, मीच आलेय," खारू म्हणाली. "काकांची स्कूटरची किल्ली परत हवी आहे. का ते सांगते, पण मला मध्ये थांबवू नका हं, थांबवलंत तर पुढचं सांगता येणार नाही."

सूनबाईंनी बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि दार पुरतं उघडलं. खारूने चपला बाहेर काढल्या, आत जाऊन जमिनीवर बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.